आतला घेर

चिठ्ठी ट्रेमध्ये खालून तिसरी होती आणि मी ती 'घ'वरून ओळखली. आमच्या दुकानात दागिन्याच्या आतल्या बाजूला अक्षरं कोरून देतात. काय कोरायचं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून द्यायचं असा नियम आहे, म्हणजे मागाहून ऱ्हस्व-दीर्घावरून वाद नको. त्या चिठ्ठ्या वरच्या मजल्यावर माझ्याकडे येतात. मी शुद्धलेखन बघते, लाल पेनाने बरोबरची खूण करते आणि पलीकडच्या कारखान्यात, कोरणाऱ्या भिंगमामांकडे सरकवते. आठ वर्षं हेच. तर या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धर तुझ्या हातात'. म्हणायचं होतं 'घर', हे कोणालाही कळलं असतं. पण घच्या डोक्यावरची रेघ अर्ध्यात सोडायची, तिथे एक वेटोळं द्यायचं आणि पुढच्या रची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढायची, हे करणारा माणूस मला एकच ठाऊक आहे, माझा नवरा. सत्तावीस वर्षं मी त्याच्या हातच्या याद्या वाचते आहे. त्यांच्यात 'धड्याळाचा सेल' असतो आणि 'धरमालकांना फोन' असतो. मजकुराखाली वस्तू: ब्रेसलेट. आतला घेर: साडेसतरा सेंटिमीटर, पुढे कंसात 'अंदाजे'. तयार हवे: आज संध्याकाळी साडेसहा. मी चिठ्ठी पालथी घातली, पाणी प्यायले आणि पुन्हा सुलटी केली. 'अंदाजे' तिथेच होतं.

राग आधी कशाचा आला ते सांगता येणार नाही, कारण दोन राग एकदम आले आणि दारात अडकले. 'घर तुझ्या हातात' ही ओळ माझी आहे. खाली काउंटरवर एक जाड वही असते, काय कोरावं हे ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी. बायकांपैकी निम्म्यांना सुचत नाही, पुरुषांपैकी कोणालाच नाही. वहीत चाळीस ओळी आहेत आणि चाळीसच्या चाळीस मी लिहिल्या आहेत, इथे लागले त्या पहिल्याच महिन्यात, दोन दुपारींत, डोकं ठणकत असताना. ही चौदावी. लिहिली तेव्हा मला तिचा अभिमानही वाटला होता. हातात म्हणजे ताब्यात आणि हातात म्हणजे मनगटावर, दोन्ही अर्थ तीन शब्दांत कसे छान बसले, असं मी डबा खाता खाता स्वतःला म्हटलं होतं. तीच सगळ्यात जास्त खपते. किती जणींच्या मनगटावर मी आतून ते घर अडकवून दिलं असेल कोण जाणे. आणि आता हा खाली येऊन, वही चाळून, चौदाव्या ओळीवर बोट ठेवून गेला. ती मी लिहिली हे त्याला माहीत नाही. चिठ्ठ्या माझ्याकडे येतात हेही माहीत नाही, कारण मी इथे दिवसभर नेमकं काय करते हे त्याने आठ वर्षांत विचारलेलं नाही. 'दुकानाच्या जाहिरातींचं बघते ती,' असं तो लोकांना सांगतो. ते खोटं नाही. तो खोटं कधीच बोलत नाही, हाच तर वांधा आहे.

गेल्या रविवारी मी त्याला एक गोष्ट विचारली होती. आमच्या थोरल्या मालकांच्या वडिलांना जुनी कंकणं, कडी, ब्रेसलेटं जमवायचा नाद होता. देशोदेशीची हजारभर तरी असतील. समुद्राकाठच्या एका लहान गावात दुकानाची जुनी शाखा आहे, तिच्या वरच्या दोन खोल्यांत ती खोक्यांत पडून आहेत. मालकांना त्या दोन खोल्यांचं संग्रहालय करायचं आहे. कोणीतरी वर्षभर तिथे राहायचं, एकेक वस्तू पुसायची, ओळखायची, तिच्याखाली चार ओळी लिहायच्या. ते काम मालकांनी मला देऊ केलं. दारावर नाव लागेल म्हणाले, छोट्या अक्षरांत का होईना, पण लागेल. मी बावन्न वर्षांची आहे आणि आजवर माझी सगळी अक्षरं वस्तूच्या आतल्या बाजूला गेली आहेत, कातडीला लागून, जिथे ती कोणी वाचत नाही. मला ते काम इतकं हवं होतं की रविवारी जेवणाच्या टेबलाशी सांगताना माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला. त्याने पूर्ण ऐकलं. तो नेहमी पूर्ण ऐकतो. राहायचं कुठे, येणं-जाणं कसं, हेही विचारलं. मग ताट उचलता उचलता म्हणाला, "बघू."

नवरा विमा कंपनीचा सर्वेक्षक आहे. जळालेली गोदामं, भिजलेले गठ्ठे, चेपलेल्या गाड्या बघायला जातो. समोरचा माणूस काकुळतीला येऊन विचारतो, साहेब, मिळेल ना? तिथे हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. बघू म्हणायचं. तिथून ते घरी आलं आणि घरात मुरलं. त्याच्या बघूत राग नसतो, टाळाटाळही नसते. उलट एक प्रकारची माया असते, लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा तशी. भांडायला जागाच ठेवत नाही. नाही म्हटलं असतं तर मी आदळआपट केली असती, का म्हणून विचारलं असतं, चार दिवस अबोला धरला असता. बघू म्हटल्यावर माणूस बघत बसतो. मी आठ दिवस बघत बसले, आणि आज माझ्या ट्रेमध्ये उत्तर आलं, साडेसतरा सेंटिमीटरचं.

त्यात सकाळीच थोरले मालक वर येऊन गेले होते. नव्या माहितीपत्रकासाठी ब्रेसलेटचा इतिहास हवा, दोन पानं, संध्याकाळपर्यंत. "इतिहास लिहा, पण शेवट गोड करा," ते म्हणाले. "बायकांना भेट द्यायला याच्यासारखी वस्तू नाही, असं यायला पाहिजे."

"का नाही, हे काय लिहू?"

"अहो, अंगठीला बोटाचं माप विचारावं लागतं. विचारलं की गंमत गेली. ब्रेसलेटला कोणाला काही विचारावं लागत नाही. हीच तर त्याची खुबी." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि आपल्या त्या कामाचं? घरी विचारलंत?"

"विचारलंय. संध्याकाळी सांगते."

"आज सांगाच. दुसरा माणूस तयार बसलाय, त्याला मी थांबवून ठेवलंय." मालक वाईट नाहीत. मला ओळखणारे सगळेच पुरुष वाईट नाहीत, आणि या वाक्याचा मला कंटाळा आला आहे.

मी इतिहास लिहायला घेतला. कोणाला काही विचारावं लागत नाही, हे वाक्य कानात माशीसारखं फिरत होतं. हजारो वर्षांपूर्वीचं, हिरव्या दगडाचं, कडेला आरपार भोक पाडलेलं एक कंकण एका थंड गुहेत सापडलं आहे. कोणी घासलं असेल ते, किती दिवस, आणि दिलं कोणाला? समुद्रापासून शेकडो कोस आत, जिथे कोणी लाट पाहिली नसेल तिथल्या थडग्यांत शिंपल्याची कडी सापडतात. काही इतकी लहान की मोठ्या माणसाच्या हातातून जाणं शक्यच नाही. म्हणजे लहानपणी घातली, हात वाढला आणि ती तिथेच राहिली. हे वाक्य मी लिहिलं, मग खोडलं, कारण माहितीपत्रकात थडगी कशाला. पण लिहिताना माझी उजवी बोटं मुंग्यांनी भरून आली होती, आणि मुंग्यांचं कारण मला ठाऊक होतं. माझ्या उजव्या मनगटात एक सोन्याची सलग बांगडी आहे. अकरा वर्षांपूर्वी ती साबण लावून घातली आणि त्यानंतर निघालेली नाही. तीन महिन्यांमागे डॉक्टर म्हणाले, मनगटावरचा दाब आधी काढा, ही कापून घ्या. मी घरी येऊन सांगितलं. सोन्याची वस्तू कापायची? बघू.

पण बांगडी ही त्याची दुसरी भेट. पहिलं होतं ब्रेसलेट, चांदीच्या साखळीचं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचं. तेव्हा मला अक्षरं काढायला शिकायचं होतं. दुसऱ्या शहरात दोन वर्षांचा वर्ग होता, मी माझे नमुने पाठवले होते आणि ते पसंत पडून बोलावणंही आलं होतं. तेव्हाचा बघू ताजा होता, मला कळला नाही, मी खरंच वाट पाहिली. वर्गाची तारीख उलटली आणि तिसऱ्या दिवशी तो साखळी घेऊन आला, चेहऱ्यावर इतका आनंद की मीच त्याची समजूत काढावी. ती घेराला मोठी होती. हात खाली केला की बोटांपर्यंत घसरायची. दोन महिन्यांत रस्त्यात कुठेतरी पडली. तो म्हणाला, जाऊ दे गं, वस्तूच आहे. मी त्या रस्त्याने चार वेळा मान खाली घालून फिरले आणि एवढी का रडते आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. तिसरं आणखी पुढचं. मुलगी परगावी गेली, तिची खोली मला लिहायला मागितली, तिथे आता त्याच्या जुन्या फायली आहेत. त्या वेळचं ब्रेसलेट नाजूक, सुंदर आहे, खरंच सुंदर आहे. पण त्याचा हूक एका हाताने लागत नाही. दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस सकाळी सातला कामावर जातं. एक सैल, एक घट्ट, एक लावता न येणारं. आता चौथं अंदाजे.

बारा वाजता खालून आतला फोन वाजला. काउंटरवरची मुलगी, तिला आम्ही चिमणी म्हणतो. आवाजातून हसू सांडत होतं. "ताई, त्या साडेसहाच्या चिठ्ठीवर खूण झाली का हो?"

"बघते आहे."

"गोड ओळ आहे ना? साहेब किती वेळ वही वाचत उभे होते. म्हणजे, ते गिऱ्हाईक." ती गडबडली आणि फोन ठेवला. म्हणजे सकाळपासून खालचे सगळे माझ्याकडे बघून का हसत होते ते कळलं. जिन्यात रखवालदारानेही आज दार धरून ठेवलं होतं. सगळ्यांनी गुपित सांभाळलं आणि चिठ्ठी मात्र सवयीने माझ्याच ट्रेमध्ये टाकली. त्यांचा राग येईना. त्यांना माझं सुख बघायचं होतं. अशा वेळी बाईने आधी आश्चर्याने तोंडावर हात न्यावा, मग डोळे पुसावेत, हे मी याच दुकानात शेकडो वेळा पाहिलं आहे. खोटं नसतं ते. मीही तीन वेळा केलं आहे. कोणी आपल्यासाठी थांबलं, निवडलं, खिशात लपवून आणलं, याचा आनंद होतोच, मनाविरुद्ध होतो, आणि त्या आनंदाच्या गडबडीत आपण काय मागितलं होतं ते विचारायचं राहून जातं. भेटवस्तूवर कोणी चिडत नाही. चिडलीच तर बाई कृतघ्न.

मी पुन्हा लिहायला लागले. धनुष्य ओढणारे मनगटाला पट्टा बांधत, दोरीचा फटका बसू नये म्हणून. पुढे राजे आपल्या लढवय्यांना सोन्याची कडी देऊ लागले. म्हणजे हे आधी पुरुषांचंही होतं. राजा कडं द्यायचा आणि घेणारा त्याचा व्हायचा, त्याच्यासाठी मरायला तयार व्हायचा. ते घेताना कोणी माप विचारलं असेल असं वाटत नाही. मनगटावर घड्याळ बांधायचं म्हटलं तर सुरुवातीला पुरुष हसत, बायकांचं काम म्हणून. मग लढाईत खिशातून घड्याळ काढायला वेळ मिळेना, तेव्हा तेच पुरुषी झालं. एखाद्याला भित्रा म्हणायचं तर आपण अजून विचारतो, हातात बांगड्या भरल्यात का. बांगड्या भरलेल्या हातांनी माझ्या आईने चाळीस वर्षं लोखंडी पेट्या उचलल्या, पण ते असो. कोणी मेलेल्या माणसाच्या केसांची वीण करून ब्रेसलेटं घातली. कोणी स्क्रूने बंद होणारं काढलं, ज्याचा पेचकस देणाऱ्याने जवळ ठेवायचा. हे लोकांना फार प्रेमाचं वाटलं. मी तेही लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. शेवट गोड करायचा होता आणि तो काही केल्या गोड होईना. साखर होती, चमचाही होता, हात वळत नव्हता.

एक वाजता त्याचाच फोन आला. "काय बाईसाहेब, जेवलात?" रागात नसला की तो मला बाईसाहेब म्हणतो, आणि तो रागात कधीच नसतो.

"जेवते आहे. काय रे?"

"काही नाही, सहज. किती वाजता सुटशील?"

"नेहमीचंच. ऐक, त्या कामाचं मला आज सांगायचंय. संध्याकाळपर्यंत."

"कुठल्या?"

"समुद्राकाठच्या."

"हां, ते." पाठीमागे कुठेतरी लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. कोणाचं तरी गोदाम असेल. "अगं, एवढी घाई काय त्यांना? बघू ना आपण."

"आठ दिवस बघतोयस तू. हो की नाही?"

"फोनवर काय सांगू? तू संध्याकाळी भेट तर खरी. मग बघ, तुला बरंच वाटेल." त्याच्या आवाजात तो लपवलेला आनंद होता, पहिल्या ब्रेसलेटच्या वेळचा, जसाच्या तसा. मला वाटलं, आत्ता सांगावं की चिठ्ठी माझ्यासमोर आहे, तुझा घ अजून ध आहे. सांगितलं असतं तर त्याचा चेहरा पडला असता, आणि तो पडलेला चेहरा बघायला मी तिथे नसते, तरी मला दिसला असता. "बरं," मी म्हणाले. तो म्हणाला, "गोळी घे आठवणीने." त्याला माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत. मनगटाचं माप तेवढं माहीत नाही.

चिठ्ठी समोर होती आणि लाल पेन हातात होतं. 'धर'वर नुसती बरोबरची खूण केली असती तर भिंगमामांनी ते तसंच कोरलं असतं. ते लिहिलेलं कोरतात, अर्थ लावत नाहीत. धर तुझ्या हातात. धर आणि गप्प बस. खरं म्हणजे त्याने चुकून बरोबर लिहिलं होतं. चाळीस ओळी लिहिल्या मी, पण इतकी खरी एकही जमली नाही. मला एकटीलाच हसू आलं आणि हसता हसता नाक चोंदलं. ती खूण करायला एक क्षण पुरला असता. संध्याकाळी त्याने डबी उघडली असती, मी चष्मा लावून वाचलं असतं, आणि मग तो म्हणाला असता, अरेच्चा, दुकानवाल्यांनी घोळ घातला की. घोळ दुकानाचा ठरला असता. माझा राग पुन्हा आतल्या बाजूलाच कोरला गेला असता.

दुपारभर मला वडील आठवत राहिले. त्यांना मी आठवू देत नाही, कामात तर नाहीच. ते कुलपं दुरुस्त करायचे. बोळाच्या तोंडाशी टपरी होती, तिला दार नव्हतं, याची ते स्वतःच थट्टा करायचे. आई गेल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले. टपरी सुटली. मी म्हटलं, त्यांना आमच्याकडे आणू, मागची खोली आहे, खिडकी आहे. 'बघू. जागेचं बघायला लागेल.' बारा दिवसांनी ही बांगडी आली. हाताला घट्ट होती. अंगठ्याच्या मुळाशी अडली. त्याने स्वतः साबण लावला, माझा हात मांडीवर घेतला, बोटं चिमटीत गोळा केली आणि हळूहळू, फुंकर घालत, पुढे सरकवली. 'बसली की नाही?' मी म्हणाले, बसली. वडील माझ्या भावाकडे गेले. तिथे जिन्याखालच्या खोलीत त्यांची कॉट होती. मी भेटायला जायची तेव्हा ते माझा हात हातात घ्यायचे आणि त्यांचा अंगठा बांगडीवरून गोल फिरत राहायचा. एकदा म्हणाले, "हिला जोड कुठंय?"

"नाही बाबा, सलग आहे."

"जोड नाही तर निघणार कशी?"

"काढायची कशाला पण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी किल्ली हरवून आले आहे. "अगं, कुठलीही वस्तू बंद करायच्या आधी ती उघडणार कशी ते बघायचं असतं," ते म्हणाले, आणि अंगठा पुन्हा फिरायला लागला. सात महिन्यांनी ते गेले. त्या सात महिन्यांत मी एकदाही नवऱ्याला पुन्हा विचारलं नाही. हातात बांगडी होती ना. तिच्याकडे बघून मला विचारायची लाज वाटली. हा दोष मी अकरा वर्षं त्याच्या नावावर टाकत आले आहे, आणि निम्मा माझा आहे, हे आज चौदाव्या ओळीकडे बघताना मला कबूल करावं लागलं. घर माझ्या हातात होतं म्हणे. मग वडिलांसाठी ते दार मी का उघडलं नाही?

पाचच्या सुमाराला कारखान्यातून करवतीचा बारीक आवाज यायला लागला आणि मला माझी जुनी चूक आठवली. आमच्या दुकानात तुटलं, मोडलं, कापलं हे शब्द तोंडाने काढत नाहीत. बांगडी तुटली तर वाढली म्हणायचं, साखळी कापायची तर वाढवायची. घरोघर म्हणतातच तसं, पण इथे चिठ्ठीवरही तेच लिहितात. आता पंचाईत अशी की माप मोठं करायचं असेल तरी शब्द तोच. म्हणून कारखान्याचा संकेत आहे: 'वाढवा' पुढे आकडा असला तर तेवढ्या मिलिमीटरने मोठी करायची, आकडा नसला तर कापायची. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक बाई आली, तिच्या सासूची बांगडी घेऊन, हाताला लागते म्हणून. मी सरळ लिहिलं, 'वाढवा'. संध्याकाळी भिंगमामांनी मखमलीवर दोन अर्धगोल ठेवले. मालक तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले, मी भिंतीशी. ती बाई बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे बघत होती. मग तिने ते रुमालात बांधले, आणि जाता जाता माझ्याजवळ थांबून, मालकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बरं झालं." मी आठ वर्षं तिला वेडी समजत होते.

मी त्याच्या चिठ्ठीवर बरोबरची खूण केली नाही. लाल पेनाने लिहिलं, '१. घर की धर? २. माप कोणाचे? जिला द्यायचे तिला विचारून यावे.' खाली माझी सही केली, पूर्ण, वाचता येईल अशी. आणि चिठ्ठी कारखान्यात न पाठवता खाली काउंटरवर परत पाठवली. दोन मिनिटांत चिमणीचा फोन आला. आता हसू नव्हतं. "ताई, हे काय? ते साडेसहाला येणारेत हो. मी त्यांना काय सांगू?"

"काय सांगायचं ते लिहिलंय चिठ्ठीवर."

"पण तुम्हाला कळलं म्हणजे... मग सगळी मजाच गेली की."

"गेली," मी म्हणाले. मला तिची कीव आली, माझीही आली, आणि मी फोन ठेवला.

मग इतिहासाचा शेवट लिहिला. ब्रेसलेट ही जगातल्या फार जुन्या भेटींपैकी एक आहे, बायकांना ती मनापासून आवडते, आणि देण्यापूर्वी तिचं मनगट हातात घेऊन माप विचारलं तर ती जास्त आवडते. एवढंच. पानं घेऊन मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी शेवट वाचला, भुवया वर केल्या. "हे उलटंच झालं की."

"उलटं नाही, माप विचारायचं राहिलं होतं ते घातलंय. आणि मी जाते आहे. पहिल्या तारखेपासून."

"घरी विचारलंत ना?"

"विचारलं होतं. आता सांगणार आहे." मग त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, बरं, त्या दुसऱ्याला कळवतो. इतकं सोपं होतं ते. सोपं होतं याचाच पुन्हा राग आला, इतक्या वर्षांचा, आणि तो घेऊनच मी कारखान्यात गेले.

भिंगमामांचं बाक खिडकीशी आहे. एका डोळ्याला भिंग कायम असल्यामुळे त्यांचा तो डोळा खोल गेला आहे. मी एक नवी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यावर एकच शब्द होता आणि वस्तूच्या रकान्यात बांगडी. त्यांनी वाचली, उलटी करून बघितली. "ताई, आकडा राहिला."

"राहिला नाही."

त्यांनी भिंग काढलं. आठ वर्षांत मी त्यांना दोन्ही डोळ्यांनी बघताना पाहिलं नव्हतं. "कापायची म्हणता?" ते म्हणाले. तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी उच्चारला असेल, त्यांनाही तो चुकल्यासारखा वाटला. मी हात बाकावर ठेवला. त्यांनी बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी सरकवून बघितली. ती सहज सरकेना, तेवढीही जागा नव्हती. "कधीपासून आहे ही अशी? खूणच बसलीये हाडापर्यंत." आधी त्यांनी दोऱ्याने माझं मनगट मोजलं, सवयीने, कामाला हात लावण्याआधी मोजायचं म्हणून. "साडेअठरा," ते स्वतःशीच म्हणाले. मला साडेअठरा हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. बावन्न वर्षांत तो आकडा मला कोणी सांगितला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता.

करवत तापली की ते थांबत, पाण्याचा बोळा लावत. मग एक बारीक टिचकी झाली. दुसऱ्या बाजूला दुसरी. दोन अर्धगोल बाकावर डुलले आणि स्थिर झाले. मनगटावर पांढरट, ओलसर वळ होता, अकरा वर्षं उन्हात न आलेला. बोटांतल्या मुंग्या लगेच गेल्या नाहीत. मी अंगठ्याने त्या वळावरून एक फेरी मारली, जोड शोधत. खालून आवाज ऐकू आला, चिमणीचा अवघडलेला आणि त्याच्यानंतर त्याचा. साडेसहाच्या आधीच आला होता. "कोणी लिहिलं हे?" तो विचारत होता. मग जिन्यावर त्याची पावलं वाजली, एकेक पायरी, चिठ्ठी वाचत चढणाऱ्या माणसाची.

भिंगमामांनी दोन्ही तुकडे मखमलीवर उचलून ठेवले. "ताई, एक सुचवू? एका बाजूला बिजागरीसारखा कबजा बसवतो, दुसरीकडे खटका. हवी तेव्हा उघडता येईल, हवी तेव्हा मिटता येईल. वस्तू वाया जाणार नाही, साहेबांनाही बरं वाटेल. करू?"

दार उघडलं. तो उंबऱ्याशी उभा होता, हातात लाल शाईची चिठ्ठी, आणि तो माझ्या मनगटाकडे बघत होता.

"बघू," मी म्हणाले.